सागरी मासेमारी नियमन, महाराष्ट्रातील

समुद्रातील मासे कोणी, कोठे, केव्हा व कोणत्या साधनांनी पकडावेत ह्यासंबंधीच्या रूढी, कायदे व प्रशासकीय व्यवस्था ह्यांस सागरी मासेमारीचे नियमन असे म्हणतात. ह्या नियमनामागे दोन हेतू संभवतात. माशांचा साठा टिकावा म्हणून पकडीवर बंधन घालणे हा एक. लहान नौकेवर पोट असलेल्या मच्छीमाराचा समुद्रावरील वाटा मोठ्या यांत्रिक नौकांपासून राखणे हा दुसरा. महाराष्ट्रात कायदा झाला तो मुख्यतः दुसऱ्या हेतूने. पहिला हेतू शासनाने गांभीर्याने घेतला तो पुष्कळ उशिरा. हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय पुढील बहुतेक वाद नीट समजत नाहीत.

गोड्या पाण्यातील मासेमारीशी तुलना केल्यास सागरी नियमनाची अडचण स्पष्ट होते. नांदेडजवळचा गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्प, मानार नदीवरील बारूळचा जलाशय किंवा लातूरला पाणी पुरविणारा मांजरा नदीवरील धनेगावचा जलाशय ह्यांसारख्या पाण्यांत कटला, रोहू, मृगळ इ. जातींचे मत्स्यबीज सोडतात आणि मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठराविक मुदतीच्या ठेक्याने देतात. ह्या संस्थांत भोई व तत्सम समाजांचे सभासद मोठ्या संख्येने असतात. बीज कोणी सोडले, पीक कोणाचे आणि हद्द कोठवर, हे तेथे ठरलेले असते. भय असते ते पाण्याचे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा जलाशय कोरडा पडला व लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी मत्स्यपिकाची काय गत होते ते सांगावयास नको. समुद्राचे उलट आहे. तेथे पाणी आटत नाही. पण बीज कोणी सोडलेले नसते, मासा एका जिल्ह्यासमोर वाढून दुसऱ्या जिल्ह्यासमोर जाळ्यात येतो आणि पाण्याला बांध घालता येत नाही. त्यामुळे ठेक्याऐवजी क्षेत्र, साधन, हंगाम आणि माशाचा आकार ह्यांवरील निर्बंधांनीच काम चालवावे लागते.

पारंपरिक व्यवस्था : कायद्यापूर्वीही कोकणचा समुद्र बेवारस नव्हता. उत्तर कोकणात व मुंबई परिसरात डोल ह्या जाळ्याची मासेमारी पूर्वापार चालते. डोल म्हणजे तोंडाशी रुंद व शेवटाकडे निमुळते होत जाणारे पिशवीसारखे जाळे. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना ते बांधून प्रवाहाच्या तोंडी लावतात. जाळे स्थिर असते. भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी आत लोटतो. म्हणून ह्या धंद्याचे वेळापत्रक तिथीवर ठरते : अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पकड चांगली, तर अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या मंद प्रवाहात, बेताची. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही डोलीची मुख्य मासळी. तिच्यातील मोठा भाग वाळवून देशावर जातो. मराठवाड्यातील आठवडी बाजारांत विकले जाणारे सुके बोंबील व सुकट हे बहुतांशी ह्याच स्थिर जाळ्यांचे उत्पन्न होय.

खुंट रोवण्याच्या जागेला कव म्हणतात. जाळे स्थिर असल्यामुळे जागेला मोल येते आणि जागेला मोल आले की हक्क उत्पन्न होतो. कोणत्या गावाच्या कवी कोठे, दोन कवींमध्ये अंतर किती, दुसऱ्याच्या प्रवाहाच्या आड खुंट घातल्यास काय करावयाचे, ह्याचे संकेत कोळीवाड्यांतून ठरलेले असत आणि तंटा झाल्यास जमातीचे पंच तो मिटवीत. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये मासेमारीची माहिती विस्ताराने दिली आहे. त्या काळी हा धंदा किती व्यवस्थित बांधलेला होता ह्याची कल्पना त्यावरून येते. दक्षिण कोकणात रापण ही पद्धत अशीच सामुदायिक आहे. लांबच लांब जाळे होडीतून अर्धवर्तुळाकार पसरून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक माणसे ओढतात आणि मिळालेली मासळी ठरलेल्या वाट्यांनी विभागतात. ह्या रूढींचे अकारण उदात्तीकरण करू नये. त्या गावांपुरत्या होत्या, बाहेरच्याला जागा देत नव्हत्या, आणि मत्स्यसाठ्याचे रक्षण हा त्यांचा उद्देश नव्हता. परंतु पकडीची साधने मर्यादित होती आणि पावसाळ्यात समुद्र स्वतःच नौका किनाऱ्यावर ठेवावयास लावी. नारळी पौर्णिमेस सागराची पूजा झाल्यावरच होड्या पाण्यात ढकलल्या जात. ह्यामुळे संरक्षणाचे काम आपोआप होत असे.

ब्रिटिश अमदानीतील १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम हा सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारण्यास बंदी करणारा, आखूड स्वरूपाचा कायदा होता. समुद्रावरील हक्कांच्या प्रश्नास त्याने हात घातला नाही. त्या राजवटीस अधिक औत्सुक्य होते ते दूरच्या पाण्यातील मासळीचे. १९२१–२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ ह्या वाफेच्या ट्रॉलरने मुंबईसमोर प्रायोगिक मासेमारी केली. पुढे एच. टी. सॉर्ली ह्यांनी मुंबई इलाख्यातील सागरी मत्स्यव्यवसायाची पाहणी करून अहवाल दिला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४६ मध्ये मुंबईस खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र निघाले. आजच्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेचे ते मूळ होय.

यांत्रिकीकरण : स्वातंत्र्यानंतर नौकांना यंत्रे बसविण्यात मुंबई राज्य देशात आघाडीवर होते. सातपाटी व वेसावे येथील देशी नौकांची बांधणी यंत्र बसविण्यास योग्य असल्यामुळे नवी नौका न घडविता जुन्याच पद्धतीच्या नौकेवर डिझेल यंत्र चढविता आले. शासनाने कर्ज व अनुदान दिले, मच्छीमार सहकारी संस्थांनी त्याची वाटणी केली, नायलॉनची जाळी व बर्फाचे कारखाने आले. यंत्र कोळ्याच्याच हाती आले, हे ह्या पहिल्या टप्प्याचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

दुसरा टप्पा ट्रॉलरचा. ट्रॉल हे तळावरून ओढत नेण्याचे जाळे आहे आणि त्याचे मुख्य लक्ष्य कोळंबी. गोठविलेल्या कोळंबीस अमेरिका व जपान येथे मागणी वाढली, १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनाने निर्यात अधिक किफायतशीर झाली आणि मुंबईच्या ससून गोदीत व इतर बंदरांत ट्रॉलरांची संख्या वाढत गेली. कोळंबी किनाऱ्याजवळच्या उथळ, चिखलट तळावर सापडते. डोलीचे खुंट व लहान होड्यांची जाळीही तेथेच असतात. ट्रॉलर रात्री जाळ्यांवरून गेला की सकाळी तुटके दोर हाती येत. नुकसानभरपाई मागावयाची तर नौका कोणाची हे सिद्ध करणे अशक्यप्राय. ह्या संघर्षाची जबाबदारी केवळ ट्रॉलरमालकांवर टाकणे मात्र न्याय्य होणार नाही. ज्या खात्याने मोठ्या नौकांना अर्थसाहाय्य दिले, त्याच खात्याकडे पुढे त्यांना आवरण्याचे काम आले आणि उत्पादनवाढीचे उद्दिष्ट मागे घेतले गेले नाही ते नाहीच.

१९८१ चा कायदा : सत्तरीच्या दशकात असेच संघर्ष गोवा, केरळ व तमिळनाडू येथेही झाले. गोव्यात रांपणकारांनी माथानी साल्ढाणा ह्यांच्या नेतृत्वाखाली यांत्रिक नौकांविरुद्ध आंदोलन केले आणि १९७८ मध्ये लहान मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच स्थापन झाला. केंद्र शासनाने निरनिराळ्या प्रकारच्या नौकांसाठी क्षेत्रे आखून देण्याचा विचार करण्यास १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली. तिच्या अहवालानंतर विधेयकाचा नमुना राज्यांकडे पाठविण्यात आला, कारण प्रादेशिक सागरातील मासेमारी हा संविधानानुसार राज्यांचा विषय आहे. केरळ व गोवा ह्यांनी १९८० मध्ये आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये कायदा केला. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम ४ ऑगस्ट १९८२ पासून अंमलात आला.

ह्या नमुन्यावरील कायद्यांत निर्बंध घालण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांचा क्रम उद्‌बोधक आहे. पारंपरिक नौका वापरणाऱ्यांच्या हितसंबंधांचे रक्षण हे पहिले, मत्स्यसाठ्याचे संधारण हे दुसरे, आणि समुद्रात कायदा व सुव्यवस्था राखणे हे तिसरे. महाराष्ट्रात ट्रॉलरना निरनिराळ्या भागांत ५ ते १० वाव खोलीच्या आत मासेमारी करण्यास मनाई झाली आणि सहांहून अधिक सिलिंडरच्या यंत्रांच्या नौकांना राज्याच्या हद्दीबाहेर, म्हणजे सु. २२ कि.मी.च्या पलीकडे, जावयास सांगण्यात आले.

केरळात वा गोव्यात किनाऱ्यापासूनचे अंतर हेही परिमाण धरले गेले. महाराष्ट्रात खोलीचे माप घेतले गेले. त्याचे परिणाम सर्वत्र सारखे झाले नाहीत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतची सागरमग्न भूमी मुंबई व तिच्या उत्तरेस फार रुंद आहे व तळ सावकाश उतरतो. दक्षिणेस ती अरुंद होत जाते. त्यामुळे तेवढ्याच वावांची रेषा पालघरसमोर किनाऱ्यापासून दूर पडते, तर सिंधुदुर्गात ती किनाऱ्याच्या बरीच जवळ येते. जेथे रापण ओढली जाते तेथेच लहान मच्छीमारास मिळणारा पट्टा अरुंद. शिवाय खोली डोळ्यांना दिसत नाही. नौकेवर परिमापक नसेल तर ओळंबा टाकूनच ती कळणार, आणि गस्तीच्या अधिकाऱ्याने घेतलेले माप नौकामालकाने नाकारले की प्रकरण लांबणार.

प्रकरण चालत असे ते तहसीलदारापुढे. मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी नौका पकडी, अहवाल देई आणि अभिनिर्णय अधिकारी म्हणून तहसीलदार निर्णय देत. जमीनमहसूल, निवडणुका, टंचाई ह्यांच्या रगाड्यात समुद्रावरील एका नौकेचे प्रकरण मागे पडणे स्वाभाविक होते. दंडही पकडलेल्या मासळीच्या किमतीच्या प्रमाणात, कमाल पाचपट असे. तो मोठ्या नौकेस एखाद्या फेरीच्या खर्चासारखा वाटावा, ह्यात नवल नाही. गस्तीसाठी खात्याला बहुधा भाड्याच्या नौकांवर विसंबावे लागे आणि त्या पळणाऱ्या ट्रॉलरपेक्षा मंद असत. कर्नाटकातील मलपी व अन्य बंदरांतील वेगवान ट्रॉलर सिंधुदुर्गच्या पाण्यात शिरतात, ही मालवण–वेंगुर्ल्याच्या मच्छीमारांची तक्रार वर्षानुवर्षे कायम राहिली आहे. नौकांची नोंदणी, रंगखुणा व मच्छीमारांची ओळखपत्रे ह्या गोष्टी नेटाने झाल्या त्या २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर, म्हणजे मत्स्यसंधारणासाठी नव्हे, तर सुरक्षेसाठी.

ह्या कायद्याने कवींचे जुने हक्क हाताळले नाहीत. ट्रॉलर व होडी ह्यांतील तंटा त्याला दिसत होता. दोन डोलकरांमधील नव्हे. यंत्रामुळे दूर जाता येऊ लागल्यावर उत्तन–वसईकडील डोलकरांनी पालघर–डहाणूसमोरच्या पाण्यात खुंट रोवले आणि तेथील जाळीवाल्यांशी त्यांचा जो वाद उद्‌भवला, तो तडजोडी होऊनही पुनःपुन्हा उफाळत राहिला. दोन्ही पक्ष लहान मच्छीमारच आहेत. एकाच्या बाजूने रूढी आहे, दुसऱ्याच्या बाजूने जवळीक. निर्णय देण्यास आधार मात्र कोणताच नाही.

पर्ससीन व नंतरचे निर्बंध : तारली, बांगडा ह्यांसारख्या थव्याने फिरणाऱ्या माशांभोवती जाळ्याचा घेर टाकून तळाचा दोर बटव्यासारखा आवळण्याची पर्ससीन ही पद्धत सत्तरीच्या दशकात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर रूढ झाली आणि पुढे गोव्यातून रत्नागिरीकडे पसरली. रापणीत येणारा मासा किनाऱ्यास पोहोचण्यापूर्वीच ती उचलते, त्यामुळे दक्षिण कोकणातील विरोध तीव्र झाला. डॉ. वि. सो. सोमवंशी ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालावरून शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढला. त्यानुसार राज्याच्या पाण्यात पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ ठेवण्यात आला आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत उतरविण्याचे ठरले. महाराष्ट्रातील नौकांच्या संख्येवर घातलेली ही पहिली ठोस मर्यादा म्हणावी लागेल; ट्रॉलरच्या बाबतीत तेवढे धैर्य दाखविले गेले नाही.

२०२१ मध्ये मूळ कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. अभिनिर्णयाचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आले आणि दंड किमतीच्या प्रमाणात न ठेवता लाखांत ठरविण्यात आले; एलईडी दिव्यांच्या झोताने मासे गोळा करून पकडणाऱ्यास ५ ते २० लाख रुपये दंडाची तरतूद झाली. जानेवारी २०२५ पासून गस्तीसाठी ड्रोनचा वापर सुरू झाला.

राज्याच्या हद्दीपलीकडे : भारताचा प्रादेशिक सागर १९५६ मध्ये ६ आणि १९६७ मध्ये १२ सागरी मैलांचा झाला. १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमाने २०० सागरी मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र जाहीर केले; ते १५ जानेवारी १९७७ पासून अस्तित्वात आले. १२ मैलांपर्यंत राज्य व त्यापुढे केंद्र अशी ही वाटणी आहे. माशास ती ठाऊक नाही आणि नौकेसही फारशी नाही : पकड बाहेर केली असे सांगून मासळी आत उतरविता येते. पर्ससीनचा वाद तमिळनाडूतून सर्वोच्च न्यायालयात गेला असता २४ जानेवारी २०२३ च्या अंतरिम आदेशाने १२ मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस अटींसह परवानगी मिळाली. राज्याची बंदी रेषेपाशी कशी थांबते, हे त्यावरून दिसते.

केंद्राने ह्या क्षेत्राकडे प्रथम परकीय सहकार्याच्या दृष्टीने पाहिले. १९९१ च्या धोरणाने परदेशी कंपन्यांशी भागीदारीतील मोठ्या जहाजांना परवाने खुले केले. ४ फेब्रुवारी १९९४ रोजी व पुन्हा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये देशभर मासेमारी बंद पाळण्यात आला. लहान होडीवाले व ट्रॉलरमालक त्यात एकत्र आले, हे विशेष. नंतर नेमलेल्या मुरारी समितीने १९९६ च्या अहवालात परवाने रद्द करण्याची शिफारस केली. परकीय जहाजांची परवानगीपत्रे संपूर्णपणे थांबण्यास मात्र २०१७ उजाडले. त्याच वर्षी एलईडी दिव्यांच्या व जोडीने ओढावयाच्या ट्रॉलच्या मासेमारीस अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ह्या क्षेत्रासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित झाले असून त्यांत मच्छीमार सहकारी संस्थांना अग्रक्रम आहे.

हंगाम व आकार : पावसाळी बंदी महाराष्ट्रात पूर्वी १० जून ते १५ ऑगस्ट वा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल तोवर असे. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर ती सरसकट १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस झाली. बिगरयांत्रिक होड्या तीतून वगळल्या आहेत. ऑगस्टच्या आरंभीचा समुद्र लहान नौकांस धोक्याचा असल्यामुळे पहिल्या पंधरवड्याची पकड मोठ्या नौकांच्या पदरात पडते, असा आक्षेप घेऊन पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनांनी जुनी तारीख परत मागितली आहे.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी पकड २.०१ लाख टन होती. त्यापूर्वीच्या ४५ वर्षांतील ती नीचतम होय. त्या वर्षीच्या वादळांचा त्यात भाग असला, तरी ऱ्हास एका वर्षाचा नव्हता. सर्वांत अधिक चिंता पापलेटची आहे. सातपाटी हे गाव ह्या माशासाठी प्रसिद्ध. तेथील सहकारी संस्थांची भरभराट त्यावरच झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने रुपेरी पापलेट हा राज्यमासा जाहीर केला आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरविले. पापलेटसाठी तो १३५ मि.मी. आहे. ह्याहून लहान पिल्ले ट्रॉलमध्ये येतात, तशी डोलीतही मोठ्या प्रमाणावर येतात, कारण डोलीच्या शेवटच्या भागातील आस जवळ्यासाठी बारीक ठेवलेली असते. पारंपरिक साधन म्हणजे निरुपद्रवी साधन ही समजूत येथे टिकत नाही, आणि ज्या डोलकराच्या रक्षणासाठी १९८१ चा कायदा झाला, त्याच्यावरच हा नवा निर्बंध अधिक जाचक ठरतो. आस मोठी केली तर जवळा निसटतो व सुकटीचे उत्पन्न बुडते. आकाराची तपासणी होते ती बंदरावर, मासा उतरविल्यानंतर. तोवर तो मेलेला असतो. त्यामुळे पिल्लांच्या मोसमात ठराविक पाण्यात डोली न लावण्याचा उपाय सुचविला जातो. तो अंमलात आणावयाचा तर कोणत्या गावाच्या किती कवी त्या पाण्यात आहेत ह्याची नोंद प्रथम करावी लागेल.